पाच पौंड येणे बाकी

मालक पन्नास पौंडांची नोट पुढे करतो. तिचे त्याच्याकडे निघतात पंधरा. ती म्हणते, माझ्याकडे सुटे नाहीत. तो म्हणतो, सुटे मागितलेत कुणी, घे तुझा पगार. हक्काच्या वर ती काही घ्यायला तयार नाही. तो आधी आठ्या घालतो, मग त्याला सुचतं की पन्नास हातात पडले तर ही रजेवर जाऊन तीन महिने तिकडेच राहील. म्हणून दहाच देतो आणि विचारतो, पुरेत ना? ती म्हणते, "पुरेत. पण आता तुमच्याकडे माझे पाच निघतात."

शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' ही कादंबरी ऑक्टोबर १८४७ मध्ये लंडनच्या स्मिथ, एल्डर या प्रकाशकांनी तीन खंडांत काढली. लेखकाचं नाव छापलं होतं 'करर बेल', म्हणजे बाई की बुवा हे कळूच नये असं. जेन एअर म्हटलं की लोकांना माळ्यावरची वेडी बाई आठवते, ऐन लग्नात उठलेली हरकत आठवते, आणि "वाचकहो, मी त्याच्याशी लग्न केलं" हे वाक्य आठवतं. ते पाच पौंड कुणाला आठवत नाहीत. माझ्या डोक्यात ते राहिले, कारण बत्तीस वर्षं बँकेत खाती तपासण्यात गेली की कादंबरीतही माणसाचा आधी जमाखर्च दिसतो. आमच्या वाचनमंडळात ही कादंबरी झाली तेव्हा एका मैत्रिणीने विचारलं होतं, "ही कसली बंडखोर? शेवटी मालकाशीच लग्न केलं ना?" त्या दिवशी मला नीट बोलता आलं नाही. हे टिपण त्यासाठी. जेनचं बंड मला तिच्या भाषणांपेक्षा तिच्या हिशोबात जास्त दिसतं, आणि कादंबरीची सगळी उलथापालथही त्या हिशोबातूनच होते.

फुकटचं खाणारी

कादंबरी उघडते तीच मालकीच्या भांडणावर. दहा वर्षांची अनाथ जेन मामीच्या घरी, गेट्सहेडला, खिडकीत पडद्याआड पुस्तक वाचत बसली आहे. मामेभाऊ जॉन तिला शोधून काढतो आणि सुनावतो: आमच्या पुस्तकांना हात लावायचा नाही, तू आश्रित आहेस, तुझ्या बापाने तुझ्यासाठी काही ठेवलं नाही, तू खरं तर भीक मागायला हवीस. मग तेच पुस्तक तिच्या डोक्यात फेकतो. ती उलट अंगावर धावून जाते, म्हणून तिला मामा वारला त्या खोलीत कोंडतात. नेताना एक मोलकरीण बोलून जाते: तू नोकराहूनही खालची, कारण पोटासाठी तू काही करत नाहीस.

मोलकरणीचं ते वाक्य क्रूर आहे, पण त्या घराच्या व्यवहारात अगदी बरोबर आहे, आणि जेन ते जन्मभर विसरत नाही. पुढे लोवुडच्या धर्मादाय शाळेत ती सहा वर्षं शिकते, दोन वर्षं शिकवते. पगार वर्षाला १५ पौंड. अठराव्या वर्षी ती कुणालाही न विचारता वर्तमानपत्रात जाहिरात देते. तीत चौदा वर्षांखालचीच मुलं शिकवीन असं लिहिते, कारण स्वतःच जेमतेम अठराची असताना मोठ्या मुलांना शिकवायचं कसं, हा विचार तिने केलेला आहे. उत्तर एकच येतं, थॉर्नफील्ड नावाच्या वाड्यातून. पगार ३० पौंड, आधीच्या दुप्पट.

तीस पौंड म्हणजे चैन नव्हे, पण शार्लटच्या स्वतःच्या अनुभवापेक्षा हा आकडा बरा आहे. १८४१ मध्ये ती एका कुटुंबात गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणारी शिक्षिका, होती. ठरलेला पगार २० पौंड, त्यातून धुलाईचे कापून हातात सोळा. नायिकेला तिने स्वतःपेक्षा जास्त पगार दिला, हे मला आवडतं.

थॉर्नफील्डच्या गच्चीवर जेन मनाशी जे बोलते ते सगळीकडे उद्धृत होतं: बायकांनाही पुरुषांसारखंच वाटतं, त्यांनाही बुद्धी चालवायला वाव लागतो, त्यांनी खिरी-पुडिंगं करावीत, मोजे विणावेत, पियानो वाजवावा नि पिशव्यांवर भरतकाम करावं एवढंच म्हणणं कोतेपणाचं आहे. उत्तम आहे, पण ते ऐकायला गच्चीवर कुणी नाही. पगाराचा प्रसंग वेगळा. तिथे समोर मालक आहे, वयाने जवळजवळ दुप्पट, आणि तिचा त्याच्यावर जीव जडलेला आहे. अशा माणसाला "तुमच्याकडे माझे पाच निघतात" म्हणणं मला गच्चीवरच्या भाषणाहून अवघड वाटतं.

रेशीम आणि एक पत्र

ते दहा पौंड घेऊन जेन जाते ती मरायला टेकलेल्या मामीकडे. मामी तिच्या हातात तीन वर्षांपूर्वीचं एक पत्र ठेवते. मदिरा बेटावर दारूचा व्यापार करणारे जेनचे काका जॉन एअर यांनी तिचा पत्ता विचारला होता. तिला दत्तक घ्यायचं, मागे काही असेल ते तिच्या नावे करायचं, असं त्यात होतं. मामीने त्यांना परस्पर कळवून टाकलं होतं की जेन लोवुडच्या साथीत मेली. जेन पत्र ठेवून घेते आणि लगेच काही करत नाही.

परत आल्यावर थॉर्नफील्डचा मालक रॉचेस्टर तिला लग्नाची मागणी घालतो, ती होकार देते. लग्नाला महिना आहे. एरवीच्या कादंबरीत हा महिना फुलांचा आणि लाजण्याचा असता. इथे तो वादावादीत जातो, आणि वाद आहे कपड्यांचा. रॉचेस्टर तिला मिलकोटला रेशमाच्या दुकानात नेतो. त्याला अर्धा डझन पोशाख घ्यायचे आहेत. ती गयावया करून ते दोनावर आणते. तो झगझगीत जांभळं रेशीम आणि गुलाबी सॅटिन निवडतो. ती त्याला साधं काळं सॅटिन आणि मोतिया राखाडी रेशमावर आणून सोडते. मग जवाहिऱ्याकडे. तो जितकं जास्त घेतो तितके तिचे गाल अपमानाने तापत जातात. बाहुलीसारखं सजवून घेणं मला जमणार नाही, असं ती म्हणते.

आपल्याकडे हा प्रसंग वाचून एखादी आजी म्हणेल, अगं नवरा हौसेने घेतोय तर घे की. जेनलाही हौस कळते. पण घेतलेल्या वस्तूची परतफेड कशाने होणार, हे तिला त्याहून जास्त कळतं. गाडीत परतताना तो तिच्याकडे सुलतानाच्या थाटात बघून हसतो तेव्हा ती त्याला सांगते की असलं काही हवं असेल तर इस्तंबूलच्या बाजारात जा. मी तिकडे मिशनरी म्हणून येईन आणि तुझ्या जनानखान्यात बंड पेटवीन. (पूर्वेकडचे जनानखाने तेवढे गुलामीचे, ही इंग्रजी समजूत इथे आहेच. शार्लटही तिच्या काळाचीच.) थट्टा झाल्यावर ती अटी घालते. लग्नानंतरही मी अदेलला, तुम्ही सांभाळत असलेल्या त्या मुलीला, शिकवत राहीन. त्यातून माझं जेवणखाण, राहणं आणि वर वर्षाला तीस पौंड सुटतील. कपडे त्यातून घेईन. तुम्ही मला फक्त तुमचा आदर द्या, मी तुम्हाला माझा देईन, म्हणजे फिटंफाट.

आणि याच वेळी तिला ते विसरलेलं पत्र आठवतं. आज ना उद्या आपणही काही घेऊन येणार असलो तर आज त्याच्या जिवावर राहणं सोसवेल, म्हणून घरी जाताच काकांना लग्नाचं कळवायचं ती ठरवते, आणि कळवते.

या प्रकरणाचा सांधा इथे आहे. पत्र मदिरेला पोचतं तेव्हा आजारी काकांपाशी रिचर्ड मेसन थांबलेला असतो. मूळचा जमैकाचा हा माणूस; काका त्याच्या पेढीचे मदिरेतल्या फुंशाल शहरातले हस्तक आहेत, आणि तो रॉचेस्टरच्या जिवंत बायकोचा, म्हणजे माळ्यावरच्या त्या बर्थाचा, सख्खा भाऊ. काका पत्रातलं नाव सांगतात, मेसन दचकतो, आणि चर्चमध्ये ऐन वेळी वकिलासकट उभा राहतो. जेनला द्विभार्या प्रकरणातून कुणी देवदूताने वाचवलेलं नाही. रेशमाच्या दुकानात जे गाल तापले, त्यातून लिहिलेल्या पत्राने वाचवलं. हक्काचे दहा पौंड, त्या प्रवासात सापडलेलं पत्र, आणि आपली म्हणून थोडीतरी मिळकत असावी ही इच्छा. ही साखळी एक कडी काढली तर तुटते.

एकाच घरातल्या दोन बायका

आता कायदा. लग्न झालं की इंग्लंडात बाईचं वेगळं कायदेशीर अस्तित्व संपत असे. तिची रोकड, दागिने, पुढे मिळवलेला पगारसुद्धा नवऱ्याचा. श्रीमंत बाप विश्वस्त नेमून मुलीचा पैसा करारात अडकवून ठेवत, पण ती सोय मोजक्यांची. कमाई स्वतःकडे ठेवण्याचा हक्क विवाहित बाईला १८७० च्या कायद्याने मिळाला, आणि मालमत्तेचा पूर्ण हक्क १८८२ च्या. आपल्या धर्मशास्त्राने स्त्रीधन निदान शब्दात तरी मानलं होतं. घरोघरी त्याचं काय होई हे आपल्या आज्यांना विचारावं.

हे ध्यानात ठेवून बर्थाकडे बघा. रॉचेस्टर हा धाकटा मुलगा. इस्टेट तुटू नये म्हणून बापाने सगळं थोरल्याला दिलं आणि धाकट्याची सोय लावायला जमैकाची, तीस हजार पौंड घेऊन येणारी सून पाहिली. तिची चौकशी कुणी केली नाही, आकड्याची केली. आपल्याकडे 'मुलगी कुठे दिली' असं विचारतात. इथे ती पैशासकट दिली गेली. ते तीस हजार कायद्याने रॉचेस्टरचे झाले. बर्था वेडी ठरल्यावर ती दहा वर्षं तिसऱ्या मजल्यावर, पैसे नवऱ्याच्या खात्यावर. वेड हे घटस्फोटाचं कारण इंग्लंडात मानलं गेलं ते थेट १९३७ च्या कायद्याने, त्यामुळे त्यालाही सुटका नव्हती हे खरं. पण वरच्या मजल्यावर तीस हजार आणून काहीच न उरलेली बाई आणि खालच्या मजल्यावर तीस पौंडांवर अडून बसलेली मुलगी, हे दोन आकडे शार्लटने सहज लिहिले असतील असं मला वाटत नाही. त्यात आणखी एक आकडा: बर्थाला सांभाळणाऱ्या ग्रेस पूलला वर्षाला दोनशे देईन, असं रॉचेस्टर म्हणतो. मुलीला शिकवण्याचे तीस, बायकोला लपवण्याचे दोनशे.

गुपित फुटल्यावर तो जेनला फ्रान्सच्या दक्षिणेला, समुद्राकाठच्या बंगल्यात चल म्हणतो. लग्नाशिवाय, पण बायकोच्या मानाने. बोलण्याच्या भरात आधीच्या तीन रखेल्यांबद्दल सांगतो आणि म्हणतो की रखेली ठेवणं म्हणजे गुलाम विकत घेण्याच्या खालोखाल वाईट. जेन हे वाक्य खात्यात नोंदवून ठेवते. उद्या हा आपल्याबद्दलही असंच बोलेल, हे तिला तिथल्या तिथे कळतं. तुझी काळजी आहे कुणाला, असं तिचंच मन तिला विचारतं, ती उत्तर देते, "मला आहे." जितकी एकटी, जितकी निराधार, तितका मी माझा मान जास्त राखीन.

पहाटे ती निघते ती पाकिटात वीस शिलिंग घेऊन. म्हणजे एक पौंड. रॉचेस्टरने बळेच दिलेली मोत्यांची माळ ती मागे ठेवते. उरलेले पाच पौंड चुकते झाल्याचं कादंबरीत मला कुठे सापडलं नाही. गाडीवान तीस शिलिंग मागतो, वीसवर तयार होतो, आणि ते संपतात तिथे, व्हिटक्रॉसच्या चौरस्त्यावर, तिला उतरवून देतो. गाठोडं गाडीतच राहतं. मग पावाच्या तुकड्यासाठी गळ्यातला रुमाल आणि हातमोजे देऊ करणं, डुकरासाठी टाकलेली थंड लापशी खाणं. मामेभाऊ जॉनने जे शिव्यांत म्हटलं होतं ते खरं झालं, ती भीक मागू लागली. फरक एवढाच की ही वेळ तिने स्वतः निवडली होती.

१८४८ च्या डिसेंबरात 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'मध्ये एलिझाबेथ रिग्बी या बाईंनी कादंबरीला झोडपलं: ख्रिस्ती धर्माविरुद्ध आहे, आणि युरोपात ज्या वृत्तीने सत्ता उलथवल्या त्याच वृत्तीने हे लिहिलं आहे. त्याच लेखात गव्हर्नेसांना मदत करणाऱ्या संस्थेच्या अहवालाचाही परामर्श होता. रिग्बीबाई चिडल्या, पण गरीब शिक्षिकेने आपला हिशोब मागणं आणि राजाचा हिशोब मागणं यांतलं नातं त्यांना चाहत्यांपेक्षा आधी दिसलं.

हिंदुस्थानला येता येता

पुढचा भाग आपल्या जवळचा आहे, आणि तो बरेच जण घाईने वाचतात. मॉर्टनच्या खेडेशाळेत जेन पुन्हा तीस पौंडांवरच नोकरी करते. तिला आसरा देणारा पाद्री सेंट जॉन रिव्हर्स हिंदुस्थानात मिशनरी म्हणून निघाला आहे. तो तिला जर्मन सोडून हिंदुस्थानी शिकायला लावतो आणि मग सांगतो, माझी बायको होऊन चल. प्रेम नाही, हे तो लपवत नाही. तू कष्टासाठी घडली आहेस, म्हणतो. जेन म्हणते, येते, पण बहीण म्हणून, सहकारी म्हणून. तो म्हणतो, तिशीही न गाठलेला मी एकोणीस वर्षांची मुलगी लग्नाशिवाय नेऊ कसा?

इथे मला अहमदनगर आठवतं. सिंथिया फॅरार ही अमेरिकन बाई १८२७ मध्ये, म्हणजे कादंबरीच्या वीस वर्षं आधी, मिशनची शिक्षिका म्हणून मुंबईत आली. अविवाहित. पुढे तिने अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या, आणि त्यांतली शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनाने उचल घेतली. १८६२ मध्ये ती अहमदनगरलाच वारली. सेंट जॉन जे अशक्य म्हणतो ते झालेलं होतं. फॅरारबाई एकट्या नव्हे, इतर मिशनऱ्यांबरोबर आल्या हे खरं. पण कुणाची बायको होऊन आल्या नाहीत. जेनचा प्रस्ताव वेडगळ नव्हता, सेंट जॉनला सहकारी नको होती एवढंच.

रॉचेस्टरने तिला विकत घ्यायला पाहिलं, हा तिला कर्तव्याच्या नावाने फुकट घ्यायला बघतो. माझ्या मते दुसरा जास्त धोक्याचा, कारण त्याला नाही म्हणताना पापाची भीती वाटते. जेन त्याला स्पष्ट सांगते की तुझ्याशी लग्न केलं तर तू मला मारून टाकशील, आत्ताच मारतो आहेस.

त्याआधीच काका वारून २०,००० पौंड तिला मिळालेले असतात, आणि रिव्हर्स भावंडं तिची सख्खी आतेभावंडं निघालेली असतात. ती त्या रकमेचे चार भाग करते, प्रत्येकी पाच हजार. याला उदारपणा म्हणतात, पण तिचा स्वतःचा शब्द न्यायाचा आहे. लवाद बसतात, कागद होतात. अविवाहित असल्यामुळेच तिची सही चालते. महिनाभर पुढे-मागे कुणाची बायको असती तर तीच सही कवडीमोल होती.

या पैशालाही डाग आहे. काकांची पेढी ज्या मेसनशी व्यवहार करत होती तो जमैकाचा, आणि तिथल्या घराण्यांची श्रीमंती गुलामांच्या कष्टावर उभी होती. जीन ऱ्हिस यांनी १९६६ मध्ये बर्थाच्या बाजूने स्वतंत्र कादंबरी लिहिली, आणि गायत्री स्पिवाक यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं की जेन व्यक्ती म्हणून उभी राहावी यासाठी वसाहतीतल्या बाईला घर पेटवून स्वतः मरावं लागतं. हे मान्य केल्याशिवाय जेनचं कौतुक पुरं होत नाही. सगळ्यांकडे निघणारे पाच पौंड मोजणारी ही मुलगी बर्थाचे तीस हजार कुठे गेले हे एकदाही विचारत नाही.

मग फर्नडीन, रॉचेस्टरचं रानातलं दुसरं घर. थॉर्नफील्ड जळालं आहे, बर्था गेली आहे, रॉचेस्टरचे डोळे आणि एक हात गेला आहे. जेन त्याला सांगते की मी आता स्वतंत्र आहे, पैसेवाली आहे, माझी मी मालकीण आहे. तुम्ही ठेवून घेतलं नाहीत तर दाराशेजारी माझं घर बांधेन. आणि लग्न करते. मैत्रिणीचा सवाल इथलाच होता. मी तिला एवढं सांगू शकते की पहिल्या वेळी जेनपाशी नाही म्हटल्यावर जायला जागा नव्हती, या वेळी पाच हजार होते. पण कायदा तोच होता. सही झाली त्या क्षणी ते पाच हजार रॉचेस्टरचे झाले, आणि इतकी हिशोबी जेन त्यावर चकार शब्द काढत नाही. विश्वस्त नेमले का, करार झाला का, काही नाही. हे शार्लटच्या ध्यानातच आलं नसेल असं मी मानायला तयार नाही. या ब्राँटे बहिणींनी रेल्वेचे शेअर घेतले होते. पैशाच्या बाबतीत त्या भाबड्या नव्हत्या.

आणि स्वतःच्या वेळी शार्लटने ते केलंही. २९ जून १८५४ ला तिने वडिलांचे सहायक पाद्री आर्थर बेल निकल्स यांच्याशी लग्न केलं, त्याआधी तिचा पैसा विश्वस्ताकडे सोपवणारा करार झाला होता. नवऱ्याचा हात त्याला लागणार नव्हता. ती आधी गेली आणि मागे मूल नसेल तर पैसा तिच्या वडिलांकडे जाणार होता. वर्षही झालं नव्हतं. फेब्रुवारी १८५५ मध्ये, अंथरुणावर असताना, तिने मृत्युपत्र केलं आणि सगळं आर्थरच्या नावे लिहिलं. ३१ मार्चला ती गेली.

ते मृत्युपत्र मी मैत्रिणीला कसं समजावून सांगणार आहे, हे अजून माझं मला ठरवता आलेलं नाही.